उद्या माझी शाळा आहे

सकाळी नऊच्या सुमारास माझ्या स्वयंपाकघराची फरशी हलके हलके थरारू लागते. अनवाणी पायांना ते आधी कळतं, कानांना नंतर. गॅसवर चहाचं आधण उकळत असतं, खिडकीतून शेजारच्या गास गावाच्या शेतांवरचा, पोटरीला आलेल्या भाताचा हिरवा दरवळ येत असतो, आणि त्याच वेळी सिमेंट-लोखंडाचा तो सगळा निबर थर ओलांडून खालच्या हॉलमधल्या चिमुकल्या पायांचं एकत्र उडी मारणं माझ्या तळव्यांतून अंगात शिरतं. मागोमाग गाणं येतं. सूर प्रत्येकाचा वेगळा, ताल ज्याच्या त्याच्या मर्जीचा. पण शेवटची ओळ सगळी मिळून अशा काही आवेशाने ओरडतात, की ओट्यावरची भांडीसुद्धा किणकिणतात! या नादाला आमच्या सोसायटीत ‘न्यूसन्स’ असं नाव आहे. मला मात्र त्यावाचून सकाळचा चहा गोड लागत नाही.

आवाजाची मोठी गंमत असते बघा. आमच्या इमारतीत काय काय वाजत नाही? सुट्टीच्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी भिंतीत ड्रिल मशीन घुसतं, साखरपुड्याचा ढोल पार्किंगमध्ये घुमतो, नवरात्रात तर स्पीकरच्या भिंतीपुढे खिडक्यांच्या काचा थरथर कापतात. तेव्हा सगळे समंजस होतात, ‘अहो, हौसेला मोल नसतं’ म्हणतात, आणि कानांत कापूस घालून झोपतात. मग मागच्या पत्र्याच्या चाळींतल्या लेकरांनी सकाळच्या प्रहरी गळा मोकळा केला, तर तो तेवढा का टोचावा? हा दोष कानांचा मानायचा की मनाचा? मी माझ्यापुरतं उत्तर केव्हाच काढून ठेवलं आहे, आणि कुणी विचारलं तर ते मोठ्याने सांगते. त्यामुळे सोसायटीत मला हल्ली फारसं कुणी विचारत नाही.

खालच्या त्या हॉलमध्ये एक लहानशी संस्था बालवाडी चालवते. चालवते म्हणजे काय, खरं तर रेजिनाबाई चालवतात. नंदाखालच्या नारळी-केळींच्या वाड्यांमधून त्या रोज स्कूटरवर येतात. अंबाड्यात घरच्या झाडाचं एखादं फूल, स्कूटरच्या हुकाला पिशवी, पिशवीत घरच्या वाडीतली केळी. आवाज असा खणखणीत, की चर्चमधल्या गायनवृंदात त्यांना माइकपासून दूर उभं करतात, हे त्यांनीच एकदा हसत सांगितलं होतं. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांच्या आया आमच्याच इमारतींतली धुणीभांडी, पोळ्या, लादीपुसणी करतात आणि वडील कुठे बांधकामावर, कुठे रिक्षावर असतात. पाच वर्षांच्या आतली ही सगळी प्रजा. गणपतीत हॉल देवाला लागला तेव्हा रेजिनाबाई सगळ्यांना घेऊन पार्किंगमध्ये सतरंजीवर बसल्या, आणि देव आपल्या जागेत राहायला आले आहेत म्हणून मुलं उलट खूशच झाली.

या बालवाडीच्या आधी काय होतं, ते सविताकडून ऐकावं. सविता जालन्याकडची. माझ्याकडे आणि तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरीसाहेबांकडे ती काम करते. तिची ईश्वरी तेव्हा तीन वर्षांची होती. “काय करनार काकू,” भांडी घासता घासता ती एकदा म्हणाली, “बाहेरून कडी घालायची अन् निघायचं. डब्यात पोहे ठेवायचे, टीव्ही लावून द्यायचा. ही दाराला टेकूनच झोपायची. दार लोटलं की आधी तिच्याच डोक्याला लागायचं. मग मी बोटभर दार उघडायचे, आत हात घालून तिला बाजूला सरकवायचे, अन् मग आत जायचे.” हे तिने जराही डोळ्यांत पाणी न आणता सांगितलं आणि पातेलं विसळून पालथं घातलं. मला मात्र त्या बोटभर फटीतून आत जाणारा तो हात कितीतरी दिवस दिसत राहिला. आपली घरं लख्ख राहावीत म्हणून कुठल्या तरी दाराला बाहेरून कडी लागते, हे आपल्याला ठाऊक नसतं, की ठाऊक करून घ्यायचं नसतं?

ईश्वरी बालवाडीत येऊ लागली आणि ती कडी सुटली. पण रेजिनाबाई नुसत्या मुलांवर थांबणाऱ्या नव्हेत. त्यांनी एक प्रथा पाडली. महिन्यातला एक दिवस प्रत्येक आईचा. त्या दिवशी तिने कामावर जायचं नाही, सबंध सकाळ वर्गात बसायचं, तेही कोपऱ्यात अंग चोरून नव्हे, समोर खुर्चीवर, आणि आपल्याला जे येतं ते मुलांना शिकवायचं. “मूल पुस्तकाकडे बघत नाही हो, आईकडे बघतं,” असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा बायका लाजून चूर झाल्या. आम्हाला काय येतं, असं एकमेकींना विचारू लागल्या. मग हळूहळू येऊ लागलं! कुणी पानाची पिपाणी करून दाखवली, कुणी तांदळातले खडे वेचण्याची शर्यत लावली, बिहारकडच्या एकीने कणकेचे इवलेसे गोळे वळून घेतले आणि मोजायलाही शिकवलं, तिच्या भाषेत. सविताने तीन रंगांच्या नाड्यांची वेणी घालून दाखवली, आणि पुढचे कित्येक दिवस ईश्वरी पडद्यांच्या दोऱ्यांपासून माझ्या साडीच्या गोंड्यांपर्यंत दिसेल त्याच्या वेण्या घालत सुटली.

या प्रथेतून एक वाक्य जन्माला आलं. संध्याकाळी काम आटोपून निघताना, दारात चप्पल घालता घालता सविता म्हणायची, “काकू, उद्या येनार नाही. उद्या माझी शाळा आहे.” काय ऐट असायची त्या स्वरात! चौथीत जिची शाळा सुटली, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी जिला दप्तर खाली ठेवायला लावलं, ती बाई आज छाती काढून ‘माझी शाळा’ म्हणत होती. हळदीकुंकवाला, तापाला, गावाकडच्या मयताला सुट्टी मागताना तिचा आवाज नेहमी खाली यायचा. या एका कारणाला मात्र ती सुट्टी मागत नसे, नुसती कळवत असे. मी त्या दिवशी आनंदाने भांडी घासायची, आणि पाणी माझ्या हाताला कधी नव्हे ते थंडगार, छान लागायचं.

हेच वाक्य आमच्या सोसायटीच्या घशात काट्यासारखं अडकलं. मुलांच्या आवाजाचं निव्वळ निमित्त होतं. खरी ठसठस वेगळीच होती. आज हिची शाळा, उद्या तिची; महिन्यातला एक दिवस प्रत्येक घरातल्या सिंकमध्ये खरकटं साचू लागलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आधी कुजबुज झाली, मग कुरबुर, मग ठराव. गणपती उठल्यावर सभा बोलावली. सेक्रेटरीसाहेब तसे सज्जन गृहस्थ, माझ्याकडे वळून फार मायेने म्हणाले, “काकू, तुमचं घर तर हॉलच्या डोक्यावर. सगळ्यात जास्त त्रास तुम्हालाच. तक्रार तुमच्याच नावाने नोंदवूया.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! म्हटलं, “त्रास? माझ्या तळपायांना गुदगुल्या होतात हो. त्याची तक्रार कुठे नोंदवतात?” दोघीतिघी हसल्या, बाकीचे घड्याळाकडे पाहू लागले, आणि बहुमताने हॉल दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं ठरलं. दुरुस्ती कसली, ते विचारल्यावर प्लंबिंग असं उत्तर मिळालं. त्या हॉलमध्ये नळच नाही.

कुलूप लागलं. रेजिनाबाई स्कूटर उभी करून पायरीवर बसल्या, मांडीवर केळ्यांची पिशवी. “मी भांडणारी बाई नाही हो,” त्या म्हणाल्या, “पण मुलं येतील ना आता. त्यांना काय सांगू?” वर येऊन मी चहा टाकला आणि तो तसाच उतू गेला. रागाने माणूस शहाणं होत नाही हे खरं, पण राग यायचाच बंद झाला तर त्याच्या शहाणपणाचं लोणचं घालायचं का? मला राग आला होता आणि मी तो जपून ठेवला.

आमच्या शहाण्या मंडळींचा कयास सरळ होता. हॉल बंद, म्हणजे शाळा बंद. शाळा बंद, म्हणजे बाईची दांडी बंद. मुलांचं काय होईल, हा प्रश्न त्या कयासात शिरलाच नव्हता, कारण मुलं आजवर कधी कुणाला दिसलीच नव्हती. सविता घरी येते ती एकटी येते, असंच सगळे समजून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सविता, आणि तिचा पदर धरून ईश्वरी. “हॉल बंद केला ना,” सविता सरळ माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाली, “मग हिला ठेवू कुठं? कडी घालायची मी सोडली काकू. आता परत नाय घालनार.” तिच्या पलीकडे जिना दिसत होता, आणि जिन्यावर... अहो, काय तो जिना! प्रत्येक बाईच्या हाताला एक मूल, कुणाच्या कडेवर दुसरं. कसली घोषणा नाही, कसला फलक नाही. रोजच्यासारख्या साऱ्याजणी वेळेवर कामाला निघाल्या होत्या. “काल नळावर ठरवलंत ना गं?” मी हळूच विचारलं. “छे हो, ठरवायचं काय त्यात?” सविता म्हणाली, आणि तोंड वळवून गालातल्या गालात हसली.

मग त्या दिवशी आमच्या इमारतीत जे घडलं, ते मला शंभर वेळा सांगायला लावलं तरी मी सांगेन. मुलं काही देवदूत नव्हती. दुसऱ्या मजल्यावर एकाने नव्या गालिच्यावर शू केली. एकजण फ्रीज उघडून त्यातल्या दिव्याशी बोलत उभा राहिला. एकीने मात्र मजल्यावरच्या सगळ्या दारांबाहेरच्या चपला जोडीने लावून ठेवल्या, कारण रेजिनाबाईंकडे तसंच करतात. पाचव्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांच्याशी बोलायला घरात कुणाला सवड नसते, त्यांनी तर एका पोराला वारंवार तीच गोष्ट सांगितली आणि त्याने ती वारंवार ऐकली. सविता माझं आटोपून तिसऱ्या मजल्यावर गेली, तेव्हा सेक्रेटरीसाहेब लॅपटॉपपुढे ऑफिसच्या मीटिंगला बसले होते, आणि ईश्वरी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मांडी घालून, गंभीर चेहऱ्याने तीच मीटिंग ऐकत बसली.

आणि खाऊची वेळ झाली. घड्याळ त्या मुलांना कळत नाही, पण पोट कळतं. बालवाडीत खाऊच्या आधी एका मुलाने मोठ्याने विचारायचं, हात धुतले का, आणि बाकीच्यांनी तळवे दाखवून एका सुरात सांगायचं, धुतले. ईश्वरी खुर्चीवरून उतरली, साहेबांच्या गॅलरीत गेली, गजांना तोंड लावलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “हात धुतले का?” मग दुसऱ्या मजल्यावरून, पाचव्यावरून, समोरच्या विंगमधून, खिडक्यांतून, गॅलऱ्यांतून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून आरोळी उठली, “धुतलेऽऽ!” आणि गजांबाहेर ते हात आले, ओले, लहान लहान, सगळ्या मजल्यांवर. मी खाली अंगणात भाजीवाल्यापाशी उभी होते. वर पाहिलं, आणि मला हुंदका आवरला नाही. हे सारे तळवे इतके दिवस होते कुठे? याच घरांच्या पाठीशी होते, फक्त दाराच्या पलीकडे होते.

संध्याकाळी सेक्रेटरीसाहेब किल्ली घेऊन खाली उतरले. रेजिनाबाईंना बोलावणं धाडलं होतं, त्या आल्या होत्या. कामावरून परतणाऱ्या बायकाही मुलांसकट थबकल्या होत्या. साहेब दमलेले दिसत होते. मला वाटतं, त्यांनाही काहीतरी उमगलं होतं. पण माणूस उमगलेलं लगेच कबूल करत नाही, पदरात थोडा मान राखून मागे सरतो. “दिवाळीपर्यंत चालवा,” ते म्हणाले, “मग पुढचं बघू.” रेजिनाबाईंनी किल्ली घेतली. इतर कुणी असती तर आभार मानून मोकळी झाली असती, आणि खरं सांगते, माझ्याही ओठांवर ‘थँक्यू’ आलंच होतं. उपकाराची भाषा आपल्या जिभेला किती सवयीची असते! जे आपलंच आहे ते परत मिळालं तरी आपण हात जोडतो.

पण सविता पुढे झाली. झोपी गेलेली ईश्वरी तिच्या खांद्यावर मान टाकून होती. “साहेब,” ती म्हणाली, अगदी हळू, लेक जागी होऊ नये इतक्या हळू, “दिवाळीत तर तुमच्याकडं साफसफाई अन् फराळाचं काम डबल असतं. तेव्हा सगळ्या पोरांना सकाळी तुमच्याच घरी आनू, की अजून कोनाच्या? ते आत्ताच सांगून ठेवा.”

आणि मी, या वयात, सोसायटीच्या भर दारात, सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या.