डाव्या बाजूचा ब्रेक

आमच्या आतोबांइतके ब्रेक मारलेला माणूस बदलापुरात दुसरा झाला नाही आणि आता होणेही नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यातून लवकर निवृत्ती घेऊन त्यांनी बेलवलीत मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं. स्कूल म्हणजे एक जुनी पांढरी गाडी, तिच्या टपावर लाल अक्षरांची पाटी आणि डाव्या सीटवर आतोबा. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो दांडीनं शिकणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो. डावा दाबला की उजवाही आपोआप खाली जातो. एकच गाडी थांबवायला दोन माणसं बसल्यावर ब्रेकपॅडचं काय होणार? इतरांचे पॅड वर्षानुवर्षं टिकत, आतोबांचे एका हंगामात वाळलेल्या खोबऱ्याच्या चकतीएवढे होत. पण त्यांना त्याचं दुःख नव्हतं. झिजलेले पॅड ते धुऊनपुसून घरी आणत आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवत. लोक तिथे मनीप्लांट लावतात. माझी आत्या ती ओळ रोज फडक्यानं पुसायची आणि पुसताना रोज काहीतरी पुटपुटायची.

त्या ओळीतला कुठला पॅड कुणी झिजवला हे आतोबांना तोंडपाठ होतं, आणि पॅड बघून ते माणसाचा अख्खा स्वभाव सांगत. उल्हासनगरचे एक सिंधी कापडवाले होते. ते ब्रेकशी गिऱ्हाइकाशी करावी तशी घासाघीस करत, जरा दाबायचं, जरा सोडायचं, परत जरा दाबायचं. एकदा त्यांनी भाजीच्या गाडीपासून वीतभर अंतरावर गाडी थांबवली आणि शांतपणे म्हणाले, "मास्टरजी, रुकी तो सही ना?" त्यांचे पॅड आरशासारखे गुळगुळीत झाले होते. चिखलोलीचे एक शेतकरी काका तर ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी गाडीला "हो... हो..." म्हणत, आणि बैल थांबला नाही की आतोबांकडे बघत. "हे निम्मे त्यांचे आणि निम्मे माझे," असं आतोबा प्रत्येक पॅडबद्दल म्हणायचे. काकांचे पॅड तेवढे पूर्णपणे माझेच, असं सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

नव्या विद्यार्थ्याला त्यांचा पहिला धडा स्टिअरिंगचा नसायचा, पॅडचा असायचा. पॅड संपत आले की गाडी तीनदा सांगते, हे त्यांचं आवडतं वाक्य. आधी हळूच सांगते, पेडल नेहमीपेक्षा जरा खाली जातं, डबीतलं ब्रेक ऑइल उतरतं. मग चीं चीं करून सांगते. तिसऱ्यांदा खरखर करते, तेव्हा पॅड उरलेला नसतो, लोखंडावर लोखंड घासत असतं. पहिल्यांदा ऐकतो तो ड्रायव्हर, दुसऱ्यांदा ऐकतो तो मालक आणि तिसऱ्यांदा ऐकतो ते गॅरेजवाल्याचं गिऱ्हाईक. मीही हा धडा घेतला आहे; मी नुसता त्यांना भेटायला मोटरसायकलवरून गेलो होतो, तरी तो चुकला नाही.

एवढे ब्रेक मारून आतोबांच्या उजव्या पायाला वेड लागलं होतं. रिक्षात बसले की तो पत्रा दाबायचा. टीव्हीवर फास्ट बोलर धावत आला की तो स्टूल दाबायचा. माझ्या लग्नात फोटोग्राफर मागे मागे सरकत स्टेजच्या कडेला आला, तेव्हा आतोबांनी पहिल्या रांगेतून एवढा जोरात ब्रेक मारला की पुढची खुर्ची उलटली. फक्त विहारात सतरंजीवर मांडी घातली की तो पाय गप्प व्हायचा. म्हणून वंदनेनंतरची लांबलचक भाषणं आतोबांना मनापासून आवडत.

अशा या माणसाकडे एके दिवशी आत्यानं गाडी शिकायचं काढलं. लेक कल्याणला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले. तिच्याकडे जायचं तर यांच्या शिकवण्या संपेपर्यंत थांबा. सगळ्या बदलापूरच्या बायकांना शिकवलंत, मी तेवढी राहिले, असं आत्या म्हणाली. आतोबांनी नवे पॅड घातले आणि शिकवणी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात आत्या म्हणाली की माझ्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जातंय. नवशिक्यांना असं वाटतं, म्हणाले आतोबा. पुढच्या आठवड्यात ती तेच जरा मोठ्यानं म्हणाली. आणि महिन्याच्या आत गाडी चीं चीं करू लागली. आम्ही सगळे जेवायला बसलो असताना आतोबांनी ते पॅड ताटाशेजारी ठेवले आणि निकाल दिला की ही फार भित्री आहे, हिचा पाय ब्रेकवरून निघतच नाही, हिच्याच्यानं गाडी होणार नाही. आत्यानं वाढायचं थांबवलं. मला फार वाईट वाटलं, कारण आतोबांचा पॅडवरचा निकाल आजवर कधी चुकलेला नव्हता.

रविवारी ते दुपारचे झोपले असताना आत्यानं किल्ली उचलली आणि मला डावीकडे बसवलं. गाडी चिखलोलीच्या रस्त्याला लागली. मी पाय सीटखाली ओढून घेतले होते, भीतीनं म्हणा. आत्यानं खड्डे चुकवले, ट्रॅक्टरला वाट दिली, म्हशींसाठी इतकी अलगद थांबली की माझ्या हातातल्या उघड्या बाटलीतलं पाणी हिंदकळलं नाही. मग ती म्हणाली, "बघ, आज पेडल आपोआप खाली नाही गेलं."

परतलो तेव्हा आतोबा फाटकात उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं. गाडी कशी थांबली यावरूनच कळलं असणार. ते डावीकडे येऊन बसले आणि त्यांचा पाय सवयीनं पुढे सरकला. आत्यानं इंजिन बंद केलं.

"गाडी तीनदा सांगते म्हणता ना? माझं दोनदा सांगून झालंय. हे तिसऱ्यांदा. पाय वर घ्या."

आतोबांनी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. दोन्ही हातांनी पायाचे अंगठे धरून, विहारात बसावं तसे, ते बेलवलीतून कल्याणपर्यंत लेकीकडे गेले.

पुढे आतोबांचे गुडघे कुरकुरायला लागले, शिकवणं सुटलं, नवे पॅड घालून गाडी एकटी आत्याच चालवू लागली आणि शेवटी तीही विकली. त्यानंतर एकदा मी गेलो तेव्हा कट्ट्यावरच्या ओळीत शेवटी एक जोडी दिसली, चांगली जाडजूड, अजून पुष्कळ चालली असती अशी. हे कशाला काढले, म्हणून मी विचारलं. गाडी घेणाऱ्याला नवे घालून दिले आणि हे ठेवून घेतले, म्हणाले. आत आत्या चहा टाकत होती. आतोबांनी त्यातला एक पॅड उचलून तळहातावर ठेवला आणि बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"हे सगळे तिचे," ते म्हणाले. "यात माझा काहीच भाग नाही."