फळ्यांच्या भिंतीपलीकडचा खोकला

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे उभा राहिलो तरी मनातल्या मनात या गोष्टीपाशी आलो की पटकन नमस्कार करून बाहेर पडायचो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. की स्वतःची किळस आता गिळवत नाही म्हणून?

मला गाणं ऐकण्याचा नाद होता. चारजण जमवून, पान खात फोनो लावायचा, तसला नाद नव्हे. मी लोणावळ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो; रेल्वेतली कामगार मंडळी मला मास्तर म्हणत. भांगरवाडीत एका शेटजींच्या घरात आम्ही नवराबायको भाड्यानं राहायचो. फोनोची लोखंडी सुई तबकडी खरवडते, म्हणून मी बाभळीचे काटे आणून काचकागदावर घासून त्यांना टोक काढायचो. मूळचा कर्णा किरटा वाजायचा, म्हणून एक अख्खा पावसाळा खळीनं कागदावर कागद चिकटवून नवा केला — लहान मूल आत झोपेल एवढा. भिंतींना घोंगड्या ठोकल्या. बायको हसायची. हे सगळं कशासाठी? तर गाणारी बाई दोन ओळींच्या मधे श्वास घेते, तो ऐकू यावा.

आणि तो ऐकू येईल असं वाटलं, की नेमका पलीकडून खोकला यायचा.

मधे नुसती फळ्यांची भिंत होती. पलीकडे धोंडिबा आणि त्याची बायको रखमा राहायचे. माणसं कामशेतजवळच्या वडिवळ्याची. घाटात गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनांवर तो कोळसा मारायचा. रखमाच्या अंगावर पिणारी मुलगी होती आणि रखमाला दमा होता. थंडीत धुकं उतरलं की तो उसळायचा. माझ्या बायकोचं तिच्यावाचून पान हलत नसे. दोघी मिळून पापड लाटायच्या, ती मुलगी तर अर्धा दिवस आमच्याच घरात रांगायची.

मी मात्र त्या खोकल्याचा द्वेष करू लागलो. बाईचा नव्हे, फक्त खोकल्याचा — असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. काय फरक पडतो हो?

एके संध्याकाळी मी चिडून तबकडी मधेच उचलली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तिला तुमचं गाणं फार आवडतं. भिंतीला टेकून बसते ऐकायला. खोकला आला की पदर तोंडात कोंबते बिचारी, तुमचा बेरंग नको म्हणून."

हे ऐकून माणसाला काय वाटावं? मला वाटलं, म्हणूनच तो असा घुसमटल्यासारखा येतो. याच्यापेक्षा मोकळा बरा होता. — हेच वाटलं मला. शब्द बदलत नाही.

आता ते सांगतो. थांबलो तर पुन्हा राहून जाईल.

शेटजींच्या दुकानात वाणसामान आणायला गेलो होतो. बोलता बोलता, गूळ बांधून होईपर्यंत, मी आवाज खाली आणून म्हणालो, "शेटजी, तुमच्या कानावर घालावं की नाही कळत नाही. पलीकडच्या बाईला क्षय आहे."

शेटजी दचकले. उन्हाळ्यात मुंबईची मंडळी हवापालटाला येत, त्यांना ते खोल्या देत. क्षयाचं नाव निघालं असतं तर कोण फिरकलं असतं तिथं? हे मला माहीत होतं, म्हणूनच तर बोललो.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"माझा थोरला भाऊ त्यातच गेला. मी वर्षभर तो खोकला ऐकलाय. मला नाही कळणार?"

आणि मला कळत होतंच की! क्षयाचा खोकला कसा असतो आणि दम्याचा कसा, हे माझ्याइतकं त्या गावात कोणाला कळत होतं? कानाचीच तर मला घमेंड होती. तिला क्षय नाही हे मी जाणून होतो. माझ्या मेलेल्या भावाला मी त्या दुकानात खोट्या साक्षीला उभं केलं. गूळ घेतला आणि घरी आलो.

आठवड्याच्या आत त्यांना खोली सोडावी लागली. बातमी पसरली होती; भांगरवाडीत दुसरी कोणी देईना, म्हणून ती वडिवळ्याला परत निघाली. बायको रडली — आणि मग तिनं आमच्या घरातलं रखमाच्या हाताचं लोणचं परसात पुरलं, तिच्या मुलीनं तोंडात घातलेली वाटी राखेनं चार चारदा घासली. मी बघत होतो. एक शब्द बोललो असतो तर! रखमा गाडीत बसायच्या आधी निरोप घ्यायला दाराशी आली. उंबऱ्याच्या बाहेरच, लांब उभी राहिली. "येते वयनी," म्हणाली. बायकोनं आतूनच हात हलवला.

त्या संध्याकाळी मी तबकडी लावली. पलीकडे शांत. गाणाऱ्या बाईचा श्वास मला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं — सुराच्या गोडव्यानं. मी सुखी होतो. इतका सुखी मी फार कमी वेळा झालो असेन. हे लिहिताना शिसारी येते, पण ते खरं आहे.

पुढे वर्षा-दीड वर्षानं कामशेतच्या स्टेशनात धोंडिबा भेटला. वाळला होता. मला बघून मात्र खुलला.

"रखमा कशी आहे?" विचारणं भागच होतं.

"हाय की. गोठ्यात ऱ्हाती. ताट येगळं, तांब्या येगळा. पोर भावजयीकडं दिली, ती आता आईला वळखत न्हाई. दवाखान्यात दावलं, डाक्तर म्हनला, क्षय न्हाई, नुसता दमा हाय. पन गाव ऐकतंय व्हय?" त्यानं मला विचारलं, "मास्तर, कुनी उठवलं असंल वो हे?"

त्याच्या नजरेत संशय नव्हता. नुसतं विचारणं होतं.

"लोकांना काय," मी म्हणालो, "काहीही बोलतात."

"व्हय," तो म्हणाला. मग त्यानं खांद्यावरचं फडक्याचं गाठोडं उतरवलं. आत आंबेमोहोर तांदूळ होते, यंदाचे. "वयनींना द्या. आमची लय आठवन काढती त्यांची. तुमच्या गान्याची बी." मी हात पुढे करायला जरा वेळ लावला असेल. त्याला वाटलं, मी कचरतोय. तो घाईघाईनं म्हणाला, "बिनघोर खावा मास्तर. तिचा हात न्हाई लागला याला. भावजयीनं सडल्यात."

मी म्हणालो, "मग हरकत नाही."

आणि तांदूळ घेतले.