चौदाव्या टप्प्याची एकतीस नाणी

कंडक्टरने एकोणतीस वर्षं एकाच मार्गावर तिकिटं फाडली. डेपोपासून खिंडीपर्यंत बावीस टप्पे. जायला साडेतीन तास, उतरायला तीन. बढती दोनदा चालून आली आणि दोन्ही वेळा त्याने ती परत पाठवली. ऑफिसातले लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय. डोकं जागेवर होतं, फक्त त्यात नाण्यांशिवाय दुसरं काही मावत नव्हतं.

सुरुवात सातव्या टप्प्यावर झाली. एका म्हाताऱ्याने भाडं म्हणून काळपट, वेडंवाकडं नाणं हातावर ठेवलं.

"हे चालत नाही, आजोबा."

"माझ्या आजाच्या आजाला चालत होतं. नांगराला लागलं. नको असेल तर दे परत."

कंडक्टरने पदरमोड करून म्हाताऱ्याचं तिकीट फाडलं आणि नाणं खिशात टाकलं. पुढे ही गोष्ट बावीसही टप्प्यांवर पसरली. शेतात, घराच्या पायात, पडक्या भिंतीत काही सापडलं की लोक गाडीची वाट बघत उभे राहायचे. ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचा. "बारा मिनिटं लेट," तो ओरडायचा. "वर काय सांगू? कंडक्टर नाणी पिकायची वाट बघत होता?"

कंडक्टर नाणं नुसतं घेत नसे. कोणाच्या जमिनीत, किती खोल, सोबत काय होतं, एवढं विचारल्याशिवाय तो घंटी मारत नसे. घरी आल्यावर रद्द झालेल्या भाडेपत्रकांच्या पाठकोऱ्या कागदात एकेक नाणं बांधायचा. पुडीवर लिहायचं काम बायकोचं. धावत्या गाडीत उभ्याने लिहून त्याचं अक्षर कामातून गेलं होतं. "तुमचं अक्षर म्हणजे खड्ड्यात गेलेली गाडी," ती म्हणायची आणि गोल, सुटं, शाळेतल्या फळ्यावर असावं तसं लिहायची: टप्पा सात, नांगराखाली, वीतभर खोल. नाण्यांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. पण खोली विचारायला तो विसरला तर ती पेन खाली ठेवायची.

"विचारलं नाहीत? मग निम्मंच आणलंत. जा, उद्या निम्मं घेऊन या."

अशा सहाशे बारा पुड्या झाल्या. बायकोने त्या टप्प्यांप्रमाणे बिस्किटांच्या बावीस डब्यांत लावल्या होत्या.

त्यातला चौदावा डबा कंडक्टरच्या जिवाचा. चौदाव्या टप्प्यावर एका माणसाने विहीर खणायला घेतली आणि सहा फुटांवर पहारीला मडकं लागलं. त्यात एकतीस नाणी. किनाऱ्याकडच्या राज्याची, राजधानीची, दक्षिणेकडची आणि खिंडीपलीकडची. चार राज्यांची नाणी एका मडक्यात! कंडक्टर त्या दिवशी जेवला नाही. आपल्या मार्गावर एके काळी चारही मुलखांचे व्यापारी थांबत होते, हे त्याच्या दृष्टीने तिथेच सिद्ध झालं. बायकोने एकतीस पुड्यांवर एकतीस वेळा लिहिलं: टप्पा चौदा, विहीर, सहा फूट, मडक्यात. खाली क्रमांक, एक ते एकतीस.

शहरातल्या नाणेसंग्राहक मंडळात तो निवृत्तीच्या तीन वर्षं आधी शिरला. अध्यक्ष एक सराफ होता, चार मजली दुकानाचा मालक. मंडळात एक वाद कायम धुमसत असे: नाणी जमवायला सगळ्यात चांगला प्रदेश कोणता? किनाऱ्याकडचे म्हणत, बंदरं आमची, परदेशी नाणी आमच्याकडे उतरली. सराफ म्हणे, राजधानी. लिलाव इथे, दलाल इथे, जाणकार इथे. देशातलं प्रत्येक चांगलं नाणं एकदा तरी माझ्या काउंटरवरून जातं.

कंडक्टर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात बिस्किटाचा डबा होता.

"बाजारात नाणं येतं ते कुठून आलं हे विसरून येतं," तो म्हणाला. "सगळ्यात चांगला प्रदेश तो, जिथे नाणं जमिनीतून निघताना बघितलेला माणूस भेटतो. आमचा मार्ग तसा आहे."

सराफाने डब्यातली एक पुडी चिमटीत धरून उचलली. "हे काय? दिवसातून तीनदा, कोमट पाण्याबरोबर?"

सगळी खोली हसली. त्या दिवसापासून मंडळात त्याचं नाव 'कंपाउंडर' पडलं. तो स्वतःही हसला होता. पण परतीच्या प्रवासात डबा मांडीवरून काढून त्याने पायाशी ठेवला.

मंडळाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मोठं प्रदर्शन ठरलं. प्रत्येक प्रदेशाचं एक टेबल, तज्ज्ञांची समिती, आणि शेवटी उत्तम प्रदेशाची निवड. निवडलेल्या प्रदेशावर मंडळ ग्रंथ काढणार. कंडक्टर नुकताच निवृत्त झाला होता. त्याने टेबल मागितलं.

"देतो की," सराफ म्हणाला. "पण कंपाउंडर, पुड्या नकोत हं. बाहेरचे लोक येणार. अल्बम करा, माणसासारखे."

कंडक्टरने चौदा अल्बम आणले. काळी पाठ, पारदर्शक कप्पे, प्रत्येक कप्प्याखाली छापील पट्टी: राजा, धातू, वजन, वर्ष. बायको त्या आठवड्यात आजारी बहिणीकडे गेली होती. घर मोकळं होतं. तो सकाळी आठला बसायचा आणि संध्याकाळपर्यंत पुड्या सोडायचा. मंडळात लावतात तसंच त्याने लावलं, राजाप्रमाणे आणि धातूप्रमाणे. पट्टीवर जागेचा रकाना नव्हता. त्याला वाटलं, हरकत नाही, सगळं आपल्या डोक्यात आहे. बावीस टप्पे त्याला झोपेत पाठ होते.

चौदाव्या डब्यापाशी तो थोडा थांबला. मग किनाऱ्याची नाणी दुसऱ्या अल्बममध्ये गेली, राजधानीची पाचव्यात, दक्षिणेची नवव्यात, खिंडीपलीकडची अकराव्यात. पानं इतकी देखणी दिसायला लागली की हात थांबेनाच.

रिकाम्या पुड्यांची दोन पोती झाली. ती बघितली की त्याला सराफाची चिमूट आठवायची. शनिवारी दुपारी त्याने पोती मागच्या अंगणात नेली आणि काडी लावली. जुना कागद, पंधरा मिनिटांत संपला.

प्रदर्शनात टेबल उठून दिसलं. सराफाने पाठीवर थाप मारली. "आता कसं! आता कंपाउंडरचा डॉक्टर झालात."

दुसऱ्या दिवशी समितीतल्या संशोधक बाई आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, हातात गुंडाळलेला नकाशा. त्यांनी अल्बमकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मंडळाच्या इतिवृत्तात तुमचं एक वाक्य वाचलं," त्या म्हणाल्या. "जमिनीतून निघताना बघितलेला माणूस. त्या एका वाक्यासाठी मी या समितीत यायला तयार झाले. राजधानीच्या टेबलावर नऊशे नाणी आहेत, एकाचाही पत्ता नाही. इतिवृत्तातलं ते मडकं तुमच्याकडेच सापडलं ना? चार राज्यांचं?"

"हो. एकतीस नाणी."

"दाखवा. ती एकतीस एकत्र मिळाली हे मांडता आलं, तर ग्रंथ तुमच्या मार्गावर होईल. मी समितीशी भांडेन."

कंडक्टरने दुसरा अल्बम उघडला. "हे. हे पण. आणि हे." मग पाचवा. नवव्या अल्बमपर्यंत अकरा नाणी झाली. बाराव्या नाण्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. तसंच नाणं, त्याच राजाचं, तेवढंच झिजलेलं, शेजारच्या कप्प्यातही होतं. एक मडक्यातलं होतं, एक तिसऱ्या टप्प्यावरच्या भिंतीतलं. कोणतं कुठलं? त्याने मागे जाऊन आधीची अकरा पुन्हा पाहिली. आता त्यातलीही चार डळमळीत झाली.

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "नोंदी असतील ना? इतिवृत्तात पुड्यांचा उल्लेख आहे."

"होत्या."

"होत्या म्हणजे?"

त्याने सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण छापताना माझ्या विश्वासाचा काही उपयोग नाही हो."

नकाशा त्यांनी उलगडलाच नाही. शेजारच्या टेबलावरून सराफ बोलला, "बाई, राजधानीच्या टेबलावर चहा सांगितलाय." त्या गेल्या.

बायको बहिणीकडून परतली तेव्हा कंडक्टर दारातच उभा होता. ती आत गेली, फडताळ उघडलं, बावीस रिकामे डबे बघितले. अल्बम चाळला. पान बोटांनी चाचपून म्हणाली, "छान आहे. पुड्या कुठे ठेवल्यात?"

त्याने मागच्या खिडकीकडे पाहिलं. मागच्या अंगणातला काळा डाग तिला खिडकीतून दिसला.

"सगळ्या?"

"अगं, मला वाटलं, लक्षात आहे..."

"एकोणतीस वर्षं मी लिहिलं. जाळताना विचारावंसंही वाटलं नाही?"

"समितीतल्या बाई नोंदी मागतायत. पुन्हा लिहू. मी सांगतो, तू लिही."

"काय सांगणार?" ती खुर्चीवर बसली. "किती खोल ते विसरलात तर मी लिहीत नव्हते. आता तर कुठे तेही माहीत नाही. तेव्हा यातलं काही कोणी बघणार नव्हतं, तरी खोटं लिहिलं नाही. आता बघणारी बाई आली म्हणून लिहू?"

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

निवड झाली. उत्तम प्रदेश राजधानी ठरला. ग्रंथ निघाला, आर्ट पेपरवर, सराफाच्या फोटोसकट. खिंडीच्या मार्गाबद्दल एकशे चाळिसाव्या पानावर दीड ओळ होती: या भागातही नाणी मिळाल्याचे सांगितले जाते, नोंदी उपलब्ध नाहीत. आयुष्यभर घंटी अडवून धरलेल्या माणसाच्या वाट्याला 'सांगितले जाते' आलं.

त्यानंतर काही महिन्यांनी बायको फडताळ पुसत होती. चौदाव्या डब्याच्या तळाशी गंज लागू नये म्हणून तिने कधीकाळी कागद घातला होता. तो काढला तर त्याच्या दुमडीत एक पुडी चिकटलेली, नाणं काढून घेतल्यावर तिथेच राहिलेली. रिकामी. तिने ती अलगद सोडवून त्याच्यासमोर ठेवली.

टप्पा चौदा, विहीर, सहा फूट, मडक्यात. क्रमांक नऊ.

कागदात नाण्याचा गोल वळ उमटलेला होता. कंडक्टरने चष्मा लावला, चौदाही अल्बम टेबलावर आणले आणि एकेक नाणं काढून त्या वळात बसवून बघायला लागला. सकाळचे दहा वाजले होते. बायको दोनदा जेवायला बोलवून गेली. चार वाजता त्याने हात टेकले. सहाशे बारांपैकी तेवीस नाणी त्या वळात चपखल बसत होती.

"एखादं घाला ना," बायको दारातून म्हणाली. "तेविसातलं कुठलंही. सराफांना काय कळणार? बाईंनाही नाही कळणार."

ती टोमणा मारतेय की खरंच वाट दाखवतेय, हे त्याला कळेना. त्याने एक नाणं उचललं, दक्षिणेकडचं, तांब्याचं. पुडीवर ठेवलं. शोभत होतं. थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग ते उचलून परत नवव्या अल्बममध्ये, राजाच्या नावाखाली सरकवलं.

शेवटच्या अल्बममध्ये एक कप्पा रिकामा होता. त्यात त्याने पुडी घातली. खालच्या पट्टीवर राजा, धातू, वजन, वर्ष. चारही ठिकाणी त्याने रेघ मारली.

"बघ गं, बरोबर झालं का?"

बायकोने वाकून बघितलं. "रेघसुद्धा वाकडी आली," ती म्हणाली आणि टेबल आवरायला लागली.