गोठ्यातलं डी आणि माझं डी

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट बघून चष्मा वर केला. "अहो, दिवसभर उसात असता आणि व्हिटॅमिन डी एवढं कमी?" उसात असते हे खरं, पण डोक्यावर पदर, तोंडाला स्कार्फ, अंगात नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट. सूर्याला मी दिसतच नव्हते.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या खेपेला माझं बीपी चढलं होतं आणि पोरगी वेळेआधी झाली. काचेच्या पेटीतली ती मूठभर पोर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. "एकट्या डीनं बीपी थांबेलच असं नाही, पण कमी ठेवून चालायचं नाही," म्हणत बाईंनी आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली.

माळेगावला घरी आले, तर सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, पुड्या ताब्यात घेऊन पिठाच्या डब्यामागे ठेवल्या. "असल्या औषधांनी प्वार मोठं हुतं, मग पोट फाडाय लागतं. काय न्हाय घ्यायचं." नवऱ्याची आईपुढे बोलायची टाप नव्हती. मी आतल्या आत धुसफुसत राहिले.

तेव्हा आमची गायही गाभण होती. दोन-चार दिवसांनी गोठ्यात गेले, तर आत्या तिच्या आंबोणात बाटलीतलं कॅल्शियम ओतत होत्या. बाटलीवर ठळक लिहिलेलं, डी थ्री.

"आत्या, हे कशाला?"

"मागल्या येताला व्यायल्यावर बसली हुती की. उठंचना. सलाईन लावलं तवा उठली. आता मी हयगय करत न्हाय."

"मग हिचं वासरू मोठं व्हत न्हाय व्हय?"

"गाईचं येगळं."

माझं डोकंच फिरलं. "मागल्या खेपेला मी बी बसले हुते, आत्या. दवाखान्यात माझ्या उशाला तुमीच रडत हुता. तरी गाईला डी, अन् मला न्हाय?"

आत्या बाटलीला झाकण लावून तडक घराकडे गेल्या. गाय तेवढी निवांत खात होती.

संध्याकाळी माझ्यापुढे दुधाचा पेला आला, पुडी ढवळलेली. मग दर आठवड्याला गाईचं आंबोण आटोपलं की माझा पेला. संपेपर्यंत आत्या समोर उभ्या, संपला की पाठीवर थाप, अगदी गोठ्यात मारतात तशीच. मला रागही यायचा आणि हसूही.

गाय आधी व्याली, मग मी बाळंत झाले, दिवस भरून. बीपी शेवटपर्यंत ताब्यात राहिलं. निरवांगीहून माझी आई घाबरीघुबरी होऊन आली, तर आत्यांनी तिला दारातच गाठलं.

"काळजी करू नगा, विहीणबाई. औंदा आमच्या दोघी बी बसल्या न्हाईत."