डिकीतला पंप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. एका शनिवारी संध्याकाळी मी बायकोच्या स्कूटरच्या चाकातली हवा सोडली होती.

आज सीट पुसायला फडकं शोधताना डिकीत पायानं मारायचा छोटा पंप दिसला, आणि ते आठवलं.

सुनंदा चाळिशी उलटल्यावर स्कूटर शिकायला लागली. दर रविवारी सकाळी, समोरच्या शाळेच्या मैदानावर, एकटीच. पडायची, साडी झटकायची, पुन्हा बसायची. पुढच्या रविवारी तेच वळण जरा कमी डगमगायचं. मी गॅलरीतून बघायचो. हिला आता कुठं जायचंय एवढं, हा प्रश्न तिच्या सरावाइतक्याच नेमानं माझ्यात वाढत होता. माणूस आठवड्याला थोडा थोडा धीट होतो, तसाच थोडा थोडा संशयीही होत असावा.

मी हवा सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिनं बसलेलं चाक पाहिलं. गाडी ढकलत पंक्चरवाल्याकडे गेली आणि उशिरा का होईना, मैदानावर आलीच. पुढच्या आठवड्यात हा पंप घरी आला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"असू दे हो. हवा काय, कधीही जाते," म्हणाली आणि हसली.

ते हसू मी अजून चाचपतो आहे. आता ती मंडईत जाते, माहेरी जाते, आणि घरी येते. "बसा मागं, सोडते तुम्हाला," असंही म्हणते. मी चालत जातो.

तिला ठाऊक असेल किंवा नसेल. हवा मी सोडली होती, हे तिला माझ्या तोंडून सांगणं अजून बाकी आहे.