सोमाजीची आखूड वात

पहाटे सोमाजी पुन्हा डोहावर जाईल, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

सोमाजी बल्लारपूरजवळचा ढिवर. बाप जाळं टाकायचा, हा सुरुंग टाकतो. कोळशाच्या खाणीतून चोरून आणलेली कांडी, तिला वात, वातीला विडी. पाणी फुटतं आणि पोटं फाटलेले मासे पांढरे होऊन वर येतात. लांब वात सुरसुरत राहिली की मासे पांगतात. आखूड असली की टोपलं भरतं. त्याचा साथीदार इसरू आखूडच ठेवायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याला बैलगाडीत घालून माझ्या यजमानांच्या दवाखान्यात आणलं. मनगटाखाली काही उरलं नव्हतं. तुटलेला हात माशांच्याच टोपल्यात होता, डॉक्टर शिवून देतील म्हणून आणलेला. इसरू दुपारपर्यंत ओरडला, मग गप्प झाला.

त्यानंतर सोमाजी वीतभर वात ठेवून खडकाआडून कांडी फेकू लागला. त्याच धास्तीने तो माझ्या मुलाकडे, दिनकरकडे विमा काढायला आला. दिनकर नवाच एजंट. त्याने धंद्याच्या जागी 'शेती' लिहिलं. यजमानांनी छाती तपासून सही केली; सोमाजीची छाती दगडासारखी आहे.

आज संध्याकाळी त्याची बायको गिरजा आली. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला. विमा झाल्यापासून सोमाजीची वात बोटभर झाली, आणि आता तो डोंग्यात उभा राहून भर डोहात फेकतो. तिने कांड्या नदीत बुडवल्या, म्हणून त्याने तिला वल्ह्याने झोडपलं. पहाटे खाणीची पाळी सुटली की कोठारातला माणूस त्याला नव्या देणार आहे.

मी डोळा धूत होते. ती म्हणाली, "तो म्हणते, मी मेलो तं तुले पैसे भेटतीन, आता काऊन भेतं? बाई, पयले तो मरनाले भेत होता. तुमच्या पोरानं त्याचं भेव नेलं. मले ते वापस द्या."

दिनकरला सांगितलं. तो म्हणाला, बोभाटा झाला तर विमा रद्द होईल, माझंही काम जाईल, आणि गिरजेच्या हाती काहीच लागणार नाही. बरोबर आहे त्याचं. पण गिरजेचे ते पैसे सोमाजी मेल्यानंतरचे.

खाणीच्या मॅनेजरला आत्ता उठवलं, तर पाळी सुटायच्या आत कोठाराला कुलूप पडेल. कांडी कुणासाठी, हे तो विचारणारच. मी सोमाजीचं नाव सांगेन, आणि विम्याचं विचारलं तर दिनकरचंही.

दिनकर शेजारच्या खोलीत झोपला आहे. दवाखान्याची किल्ली माझ्याकडे आहे, फोन तिथेच आहे. मी जाते.