रुमालाखालची बोटं

मी बैलांचा व्यापारी. आमच्याकडे त्याला हेडी म्हणतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. घरचं काही नव्हतं. दुसऱ्याच्या जनावरांना पाणी पाजत धंदा शिकलो आणि आज शिरूर कासारच्या आसपासची, उसतोडीला निघणारी बरीच कुटुंबं बैलजोडी घ्यायला माझ्याच दावणीला येतात. तरी गावात एक माणूस आहे, ज्यानं लहानपणी भजनाच्या पेटीवरून माझा हात झटकला होता. बड्या घरचा पोरगा तो. "ह्याच्या बोटांला शेणाचा वास हाय," म्हणाला, आणि सगळं देऊळ हसलं. तो आता भेटला की नमस्कार करतो. मी करत नाही.

पियानो मला भेटला तो एका कालवडीपायी. तालुक्याला एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना लाल कंधारी कालवड विकायची आहे असं कळलं म्हणून गेलो, तर आतून आवाज येत होता. पेटीचा सूर ओढलेला असतो. हा तसा नव्हता. एकेक स्वर सुटा पडत होता, तरी कुठं तुटत नव्हता. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली कपाटाएवढा काळा पियानो आणि समोर ताठ बसलेल्या बाई. मिशनच्या वसतिगृहात राहून त्या शिकल्या होत्या. वसतिगृह बंद पडलं तेव्हा पियानो न्यायला कुणी तयार होईना, म्हणून यांनी तो ट्रकमध्ये गाद्यांवर आडवा घालून इथं आणला. इथल्या धुळीत आणि उन्हाळ्यात त्याच्या तारा उतरतात. त्या चढवायचं त्यांनी स्वतः शिकून घेतलं. ऐकायला कुणी नसताना ही बाई रोज वाजवते, हे कळल्यावर माझ्या तोंडून कालवडीचा विषयच निघेना. मी विचारलं, मला येईल का.

त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, मी बैलाचे दात बघतो तसे. मग अट घातली. उसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघायच्या आत एक छोटा तुकडा दोन्ही हातांनी, न थांबता वाजवायचा. जमलं तर पुढं शिकवतील. न जमलं तर रामराम, नुसत्या हौसेसाठी त्यांना वेळ नव्हता.

तुकडा म्हणजे युरोपातल्या जुन्या काळच्या एका संथ नाचाची धून. त्याचे दोन भाग, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. मी सवयीनं घासाघीस सुरू केली.

"बाई, एकदा झालेलं परत कावून वाजवायचं? एकेकदाच घेऊ."

"नाही."

"बरं, पहिला दोनदा, दुसरा एकदा. तुमचंबी राहिलं, माझंबी राहिलं."

"शेठ, लिहिणारा कधीच वारला. आता सौदा कुणाशी करता?"

दर मंगळवारी बाईंकडं शिकायचो, घरी पोरीच्या जुन्या कीबोर्डवर सराव करायचो. बायको म्हणाली, म्हातारपणी चांगलं सुचलं. बाजारात एक जण म्हणाला, "काय बे, बैल इकून बँड काढतो का?" त्याच्याशी मी आजही व्यवहार करत नाही.

खरी अडचण डोळ्यांची होती. उजव्या हाताकडं बघितलं की डावा थांबायचा, डाव्याकडं बघितलं की उजवा भरकटायचा. एके दिवशी मी पियानोचं झाकण आपटलं आणि उठून चालू लागलो. दुसरं कुणी असतं तर मला परत घरात घेतलं नसतं. पुढच्या मंगळवारी गेलो तर बाईंनी शांतपणे विचारलं, बाजारात भाव कसा करता ते दाखवा.

आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरायची. कुठलं बोट, कुठल्या पेरावर दाब, त्यावरून आकडा कळतो. भोवती माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. मी हे सांगितलं तसा त्यांनी माझ्याच खांद्यावरचा रुमाल काढला आणि पट्ट्यांवर ठेवलेल्या माझ्या हातांवर पसरला.

"तिथं बोटांकडं बघता का? मग इथं कशाला बघता?"

बोटं चाचपडली, मग हळूहळू आपली आपण जागेवर जाऊ लागली. मधेच एक बोट सरळ करायला बाईंनी रुमालाखाली हात घातला आणि ते धरलं. मी नकळत त्यांचं पेर दाबलं आणि मान हलवली.

"काय झालं?"

"काय न्हाई. भाव कमी वाटला."

एवढ्या ताठ बाई, पण हसता हसता त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

टोळ्या निघायची वेळ आली. आमच्या धंद्यात एक तास सोडू नये असे ते दिवस. गिऱ्हाइकं दावणीशी बसवून मी बाईंकडं गेलो आणि वाजवायला बसलो. दुसऱ्या भागात डावा हात चुकीच्या पट्टीवर पडला. एरवी मी शिवी घालून पहिल्यापासून सुरू केलं असतं. त्या दिवशी उजवा थांबला नाही, आणि डावाही मागून येऊन त्याला मिळाला. एक विचारतोय, दुसरा उत्तर देतोय, आणि दोघांनाही जिंकायचं नाही. माझ्या धंद्यात दोन हात भेटले की त्यातला एक फसतो. न फसवता दोन हातांचं इतकं बोलणं होतं, हे मला माझ्याच हातांनी दाखवलं.

बाईंनी शेवटचा स्वर विरू दिला. मग म्हणाल्या, "डावा अजून घाबरतो. मंगळवारी या."

परत आलो तर गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या दावणीला गेली होती. मी संध्याकाळपर्यंत धुसफुसत होतो, त्या दुसऱ्याला चारचौघांत बोललोही. मंगळवारी मात्र वेळेच्या बराच आधी पोचलो. दार वाजवलं नाही. आत बाईंचा सराव चालू होता, मला अजून फार लांब असलेलं काहीतरी, आणि ते संपेपर्यंत मी बाहेरच चपला काढून उभा राहिलो.